मरियामातेचा किडा

अंबड म्हटले की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत उभी राहते. पहाटेचे भोंगे, कंपन्यांच्या बसगाड्या, तिसरी पाळी संपवून टपरीवर चहा घेणारे कामगार, आणि रात्री पत्र्याच्या शेडमधून येणारा यंत्रांचा घरघराट. पण अंबड हे मूळचे गाव आहे. वसाहतीच्या आणि सिडकोच्या इमारतींच्या फटींतून अजूनही एखादा मेथीचा वाफा, एखादी जुनी विहीर, एखादा मक्याचा तुकडा डोकावतो. संध्याकाळी सूर्य कलला की क्षणभर सारे पूर्वीसारखे वाटते, असे येथील जुनी माणसे सांगतात.

आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे आलेली आहेत. कोणी राहुरी-श्रीरामपूरकडचे, कोणी संगमनेरचे, काही केरळातले. दिवसभर लेथवर उभा राहणारा माणूस गप्पांच्या ओघात गावाकडच्या उसाविषयी बोलू लागतो, तेव्हा त्याच्या आवाजाचा पोत बदलतो. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. सेमिनरीत गेलो, लॅटिन शब्द घोकले, तत्त्वज्ञान शिकलो, आणि हातांवरची माती कधी निघून गेली ते कळले नाही. आमच्या लहानशा आवारात थोडी मोकळी जागा आहे. तेथे दोन जास्वंदी, एक पेरू, एक लिंबू आणि मांडवावर चढवलेला द्राक्षाचा एकच वेल आहे. नाशिकला राहून दारी द्राक्षाचा वेल नसावा हे बरे दिसत नाही, म्हणून माझ्या आधीच्या फादरांनी तो लावला होता.

या बागेची खरी काळजी घेतात ते आमचे एक काका. कंपनीत तीस वर्षे फिटर म्हणून राबून निवृत्त झालेले. मूळचे शेतकरी. मिस्सा संपली की देवळाबाहेर ज्येष्ठ मंडळी बाकावर बसतात, काका मात्र खुरपे घेऊन जास्वंदीखाली बसतात. बोलणे हळू, आणि प्रत्येक गोष्ट मुळापासून सांगण्याची सवय. खरे सांगायचे तर त्या सवयीमुळेच मी त्यांना थोडा टाळत असे.

२०२३ च्या फेब्रुवारीतील एका रविवारी मिस्सेनंतर ते माझ्याजवळ आले. दिंडोरीकडच्या त्यांच्या पुतण्याने एक लहानसा डबा पाठवला आहे, तो वेलावर आणि जास्वंदीवर सोडला आहे, आता काही दिवस तिकडे हात लावू नका, असे काहीतरी ते सांगत होते. माझ्या मागे एक नवदांपत्य आशीर्वादासाठी उभे होते, वर्गणीची पावती मागणारे एक गृहस्थ खोळंबले होते. मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, "हो, हो, छान झाले" म्हणालो आणि पुढच्या माणसाकडे वळलो. कसला डबा, त्यात काय होते, हे मी ऐकलेच नाही.

तीन आठवड्यांनी माझे लक्ष जास्वंदीकडे गेले. कळ्यांच्या देठांवर कापसासारखे पांढरे पुंजके, पाने आक्रसलेली, त्यांवर चिकटा आणि त्या चिकट्यावर मुंग्यांच्या रांगा. द्राक्षाच्या खोडावरही तेच. पिठ्या ढेकूण मला ओळखू येत होता. नाशिकच्या कोणत्याही द्राक्ष बागाईतदाराला हे नाव ऐकले की कपाळाला आठी पडते. त्या पुंजक्यांत जरा मोठ्या, लांबट, पांढऱ्या झालरी लावलेल्या अळ्याही हिंडताना दिसल्या. ही कीड आता फारच माजली, असे मला वाटले. मी दुकानातून औषध आणले, पाण्यात कालवले, आणि शनिवारी संध्याकाळी जपमाळेच्या आधी सारी झाडे धुऊन काढली. काम चोख झाले म्हणून समाधानही वाटले.

दुसऱ्या दिवशी काका जास्वंदीपाशी उकिडवे बसलेले दिसले. त्यांच्या तळहातावर पाचसहा मेलेल्या पांढऱ्या अळ्या होत्या. माझ्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "फादर, तुम्ही तर राखणदारच मारले."

मग त्यांनी मला मुळापासून सांगितले, आणि या वेळी मी ऐकले. त्या डब्यात भुंगेरे होते. मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे, काळपट अंगाचे, डोके नारिंगी. शेतकरी मंडळी त्यांना क्रिप्टोलेमस या त्यांच्या शास्त्रीय नावानेच ओळखतात. या भुंगेऱ्याची मादी पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंडपिशवीतच किंवा तिच्या आसपास आपली अंडी घालते. अंड्यातून निघणारी अळी तेथेच जेवू लागते. आधी ढेकणाची अंडी, मग पिल्ले, मग मोठे ढेकूण. एक अळी आपल्या वाढीच्या काळात शेकडो अंडी फस्त करते. गंमत अशी की ती दिसते तिच्या भक्ष्यासारखीच. अंगावर मेणाचे पांढरे धागे, दुरून पाहिले तर मोठा पिठ्या ढेकूणच वाटावा. काकांनी ओळखण्याची खूणही सांगितली. ढेकूण मुंगीच्या चालीनेही चालत नाही, जागीच चिकटून रस शोषत राहतो. अळी मात्र काडीने डिवचली की तुरुतुरु पळते. ढेकणांची राखण मुंग्या करतात, कारण त्यांच्या अंगातून झरणारा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो. अळीच्या अंगावरचे ते पांढरे धागे मुंग्यांच्या जबड्यांपासून तिला वाचवतात.

मेंढरांच्या वेषातील लांडग्यांविषयी मी आजवर अनेक प्रवचने दिली होती. मेंढराच्या वेषात राखणदारही येऊ शकतो, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. त्या दिवशी मला आठवला तो शेतातील निदणाचा दाखला. निदण उपटून टाकू का, असे चाकर विचारतात आणि धनी त्यांना थांबवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. मी चाकरांहून उतावळा निघालो. धन्याला विचारलेही नाही. आणि विचारण्याची गरज तरी काय होती? धन्याने स्वतःहून येऊन सांगितले होते. माझ्या कानांवरून ते वाहून गेले होते.

धर्मगुरूचे अर्धे आयुष्य ऐकण्यात जाते. पापनिवेदन ऐकायचे, घरगुती तंटे ऐकायचे, आजाऱ्यांच्या उशाशी बसून ऐकायचे. वीस-पंचवीस वर्षे ऐकण्याचे काम केले की चेहरा आपोआप ऐकल्यासारखा होतो. मान योग्य वेळी हलते, तोंडातून योग्य शब्द येतो, आणि मन दुसरीकडे असते. मेलेल्या सहा अळ्यांनी हे माझ्यासमोर ठेवले. काका रागावले नाहीत, त्यामुळे ते अधिक लागले.

या कीटकांविषयी मी वाचू लागलो ते बहुधा प्रायश्चित्त म्हणूनच. क्रिप्टोलेमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली तो दक्षिण भारतात आणला गेला, कॉफीच्या झाडांवरील खवले किडीचा बंदोबस्त करण्यासाठी. त्या कामात तो अपयशी ठरला. पण तो येथे टिकून राहिला आणि पुढे पिठ्या ढेकणांवर गुणकारी ठरला. एका कामासाठी बोलावलेला आणि दुसऱ्याच कामी आलेला असा हा पाहुणा. त्याच्याच कुळातील एक तांबडा भुंगेरा १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेला गेला आणि तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा त्याने बुडण्यापासून वाचवल्या. या घटनेनंतर किडीच्या शत्रूलाच आपला मित्र करावा, ही कल्पना जगभर रुजली.

हे सारे त्या कुळातले, ज्याला आपण ढालकिडे म्हणतो. इंग्रजीत लेडीबर्ड. लाल ढालीवर काळे ठिपके असलेला हा किडा आपण सर्वांनी लहानपणी तळहातावर घेतला आहे. त्याच्या इंग्रजी नावातील 'लेडी' म्हणजे आपली पवित्र मरिया, हे मला तोवर ठाऊक नव्हते. जर्मन भाषेत तर त्याला सरळ मरियेचा भुंगेरा असेच नाव आहे. युरोपातील सात ठिपक्यांच्या ढालकिड्याचा तांबडा रंग म्हणजे जुन्या चित्रांतील मरियामातेचा तांबडा झगा, आणि सात ठिपके म्हणजे तिची सात दुःखे, असे तेथील भाविक मानीत आले. पिकावर कीड पडली तेव्हा शेतकऱ्यांनी मरियामातेचा धावा केला आणि हे किडे आले, अशीही दंतकथा सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, ज्या शेतकऱ्याने त्या किड्याला ते नाव दिले, त्याने त्याच्याकडे नीट पाहिले होते एवढे नक्की.

त्याच वर्षी पावसाळ्यात काकांनी कुंपणालगत मक्याच्या चार ओळी टोकल्या. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी पेरणी पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. मका गुडघाभर झाला आणि अपेक्षेप्रमाणे त्यावर लष्करी अळी आली. ही अळी मूळची अमेरिका खंडातील. २०१६ साली ती आफ्रिकेत दिसली, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तेव्हापासून आपल्याकडच्या मक्याच्या शेतकऱ्याला तिने सुखाने झोपू दिलेले नाही. तिचा पतंग पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालतो आणि त्यावर आपल्या अंगाच्या केसांचे पांघरूण घालतो. दोनतीन दिवसांत अंडी फुटतात. इवल्या अळ्या प्रथम पानाचा हिरवा थर खरवडतात, त्यामुळे पानावर पांढरे पारदर्शक चट्टे पडतात. मोठी झालेली अळी मक्याच्या पोंग्यात शिरते आणि आपल्याच विष्ठेच्या भुशाखाली लपून आतला कोंब खाते. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण असते आणि शेपटीकडे चार ठिपक्यांचा चौकोन.

या वेळी पंपाला हात लावायचा नाही, असे मी ठरवले होते. वर्गातील एका मुलीला मी माझे वाचनाचे भिंग दिले आणि रोज पाहून वहीत लिहायला सांगितले. सहावीत शिकणारी ही मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. विचारले तेवढ्याचे उत्तर देई. पण मक्यापाशी ती तास तास बसू लागली.

तिने मला जे दाखवले ते पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा पाहत होतो. मक्यावर थोडा मावा पडला होता आणि त्याच्या मागोमाग ढालकिडे आले होते. त्यांची पिवळी अंडी पानाच्या मागे उभी रचलेली होती, एखाद्या जुडीतील मेणबत्त्यांसारखी. त्यांतून निघालेली पिल्ले आईसारखी मुळीच दिसत नव्हती. काळपट, लांबोळी, अंगावर नारिंगी ठिपके आणि सहा पाय, सुसरीच्या पिल्लाला कोणी बोटाच्या पेराहून लहान केले असावे तशी. मराठीत पतंगाच्या पिल्लालाही आपण अळी म्हणतो आणि भुंगेऱ्याच्या पिल्लालाही अळीच म्हणतो. खाणारी आणि खाल्ली जाणारी, दोघींना एकच नाव. त्यामुळे मुलीच्या वहीत पहिल्या दिवशी लिहिलेले वाक्य होते, "अळीने अळीला खाल्ले."

भुंगेऱ्याची अळी पानावर भराभर चालते, पण तिला दूरचे काही दिसत नसावे असे वाटते. भक्ष्याच्या अगदी जवळून ती निघून जाते आणि तिला पत्ता लागत नाही. मात्र एकदा का एक भक्ष्य सापडले, की ते संपवल्यावर तिची चाल बदलते. सरळ जाणे सोडून ती हळू होते, वळते, पुन्हा वळते, तेवढ्याच जागेत घोटाळत राहते. पुंजक्याने राहणाऱ्या भक्ष्याला शोधण्याची ही रीत तिला कोणी शिकवलेली नसते. नुकतीच अंड्यातून निघालेली लष्करी अळी सापडली की ती आपल्या विळ्यासारख्या जबड्यांनी तिला धरते. धरलेली अळी अंग झटकते, वेटोळे घेते, कधी तोंडातून हिरवा थेंब काढते. काही जणी रेशमाच्या धाग्यावरून पानाखाली उडी घेतात आणि वाचतात. जी सापडली ती सापडली. भुंगेऱ्याची लहान अळी आपला पाचक रस भक्ष्यात सोडते आणि विरघळलेले सत्त्व शोषून घेते. मागे राहते ती चिपाडासारखी कातडी. मोठी झालेली अळी सरळ चावूनच खाते. हे सारे संपायला वेळ लागतो, आणि बराच वेळ भक्ष्य हलत असते.

एका संध्याकाळी मुलगी भिंग हातात धरून माझ्याकडे आली. "फादर, तिला दुखत असेल का?" मी काही बोलण्याआधीच तिने पुढचा प्रश्न विचारला, "देवाने तिला असेच केले का? दुसऱ्याला जिवंत खाणारी?"

माझ्याजवळ उत्तर तयार होते. सृष्टीचा समतोल, अन्नसाखळी, या अळ्या नसत्या तर मका उरला नसता, म्हणजे देवाची योजना किती थोर! मी ते सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, "हो फादर" म्हणाली आणि निघून गेली. तिची मान हलली ती अगदी माझ्यासारखी. चेहरा ऐकल्याचा होता, पण उत्तर तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

त्या रात्री मी कपाटातील जुन्या वह्या काढल्या. सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवले होते. आदामाच्या पापापूर्वी हिंस्र पशू गवत खात होते, असे मानणारे लोक त्यांच्या काळीही होते. थॉमस यांनी ते मान्य केले नाही. माणसाच्या पापामुळे पशूंचा स्वभाव बदलला नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. आणि दुसऱ्या एका ठिकाणी म्हटले आहे की, प्राण्यांची शिकार झाली नसती तर सिंह जगला नसता. १०४ व्या स्तोत्रातही सिंहाचे छावे आपले भक्ष्य देवापाशीच मागतात. तेव्हा अळीने अळीला खाणे हा सृष्टीत मागाहून शिरलेला बिघाड आहे, असे म्हणून मला सुटता येत नव्हते.

विल्यम कर्बी या इंग्रज पाद्रींनी विल्यम स्पेन्स यांच्या जोडीने १८१५ पासून कीटकशास्त्राचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी केलेले एक निरीक्षण दिले आहे. युरोपात ओकच्या झाडावर सुरवंटांची जाळी असतात. कॅलोसोमा नावाच्या मोठ्या भुंगेऱ्याची अळी त्या जाळ्यात घुसते आणि इतके खाते, की कातडी ताणून तिला हलताही येत नाही. अशा वेळी तिच्याच जातीच्या लहान, भुकेल्या अळ्या येऊन तिला खाऊन टाकतात. अधाशीपणावर प्रवचन करायला हा दाखला उत्तम आहे. पण त्या रात्री मला प्रवचन नको होते.

मग मी चार्ल्स डार्विन यांच्या एका पत्राविषयी वाचले. २२ मे १८६० रोजी त्यांनी अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना ते लिहिले. एक प्रकारची गांधीलमाशी सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि तिची पिल्ले त्याला आतून जिवंत खातात. दयाळू परमेश्वराने हे मुद्दाम योजले असेल, हे आपल्या मनाला पटत नाही, असा त्या पत्रातील एका भागाचा आशय आहे. ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि तरीही दोघांची मैत्री टिकली. त्याच पुस्तकात पुढे एक तारीख होती. १८५१ च्या एप्रिल महिन्यात डार्विन यांची लाडकी मुलगी अॅनी वारली. ती दहा वर्षांची होती.

त्या तारखेपाशी मी थांबलो. पुस्तक मिटले. आमच्या त्या मुलीचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. प्राणवायूसाठी नाशिकमध्ये धावाधाव चालली होती तेच ते दिवस. शेवटचे पाच दिवस ती त्यांना भेटू शकली नव्हती. अंत्यविधी मीच केला होता, मोजक्या माणसांत, दुरून. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हे सारे मला ठाऊक होते, आणि तरीही तिने प्रश्न विचारला तेव्हा मी तिला अन्नसाखळी समजावून सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मक्यापाशी जाऊन बसलो. ती आल्यावर म्हणालो, "बाळा, काल मी तुला उत्तर दिले ना, ते राहू दे. मला नीट ठाऊक नाही. किड्यांना आपल्यासारखे दुखते का, यावर शास्त्रज्ञांचेही अजून एकमत नाही. आणि देवाने असे का केले, हेही मला सांगता येत नाही."

ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली. मग तिने हळूच विचारले, "पप्पांना खूप दुखले असेल का, फादर?"

मी तिला खोटे सांगितले नाही. श्वास घेताना त्यांना त्रास झाला असेल, असे म्हणालो. ते एकटे होते का, असे तिने विचारले. मी म्हणालो, "नर्स होत्या. आणि क्रुसावर ज्याला स्वतःला श्वास घेणे जड झाले होते, तो होता, असे मी मानतो. मी मानतो, बाळा. मी पाहिले नाही." ती रडली. मी भिंग तिच्या हातातून घेतले आणि बसून राहिलो. समजावण्याचे शब्द ओठांवर येत होते, ते मी प्रयत्नाने मागे ठेवले. काका दूर खुरपत होते. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली.

त्या संध्याकाळने मोठे काही बदलले, असे मी म्हणणार नाही. तिच्या आईने पुढे एकदा सांगितले की, मुलगी आता घरी वडिलांचे नाव काढते. पूर्वी काढत नसे. एवढेच. वही मात्र तिने पूर्ण केली. काही रोपांच्या पोंग्यांत मोठ्या अळ्या शिरल्या होत्या, तेथे ढालकिड्यांच्या पिल्लांचा इलाज चालला नाही. त्या अळ्या काकांनी हाताने वेचल्या. पण अंडी आणि लहान अळ्या यांचा मोठा भाग भुंगेऱ्यांनी खाऊन संपवला होता. कणसे लागली. सारीच भरली नाहीत. मुलांना पुरतील एवढी भाजून झाली.

वाचकहो, कीटकनाशक कधी वापरूच नये, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका बागेवर अवलंबून आहे, त्याला आवारात चार ओळी मका लावणाऱ्याने शहाणपण शिकवू नये. पण आपण सारे थोडेफार जाणतो. २०१० साली आपल्या द्राक्षांत वाढरोधक औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपने माल नाकारला, आणि नाशिक जिल्ह्यातील किती घरे त्या वर्षी हवालदिल झाली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी किडामुंगीचीही आठवण ठेवली आहे. शेतीला उपयोगी पडणारे पक्षी आणि कीटक आपल्याच औषधांनी नाहीसे होतात, मग त्यांची उणीव भरून काढायला आपण आणखी एक उपाय शोधतो, आणि हे चक्र थांबत नाही, असा त्यांचा इशारा आहे. मी हे परिपत्रक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी वाचले होते. त्यावर व्याख्यानही दिले होते. तरीही शनिवारी संध्याकाळी पंप खांद्याला लावताना मला ते आठवले नाही.

लहानपणी आमच्या हरभऱ्यात घाटेअळी पडली की माझे वडील शेतात जागोजागी काठ्या रोवीत. त्यांवर पक्षी येऊन बसत आणि अळ्या टिपत. "जो खायला येतो त्याला बसायला जागा द्यावी," असे ते म्हणत. मला तेव्हा वाटे, औषधाला पैसे नाहीत म्हणून बाबा असे बोलतात. पैसे नव्हते हे खरेच होते. पण ते रोज पहाटे बांधावर उभे राहून शेत पाहत, कोण येते, कोण काय खाते, हे त्यांना ठाऊक असे. त्यांचे पाहणे हीच त्यांची निम्मी शेती होती.

८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्माचा सण आला. मुलांनी परडीतून फुले आणली आणि मूर्तीपुढे ठेवली. आमच्या जास्वंदीलाही त्या दिवशी फुले होती, कारण काकांच्या पुतण्याने दुसरा डबा पाठवला होता. त्या फुलांवर एक लाल ढालकिडा चालत होता. एका लहान मुलाने तो झटकण्यासाठी हात उचलला. तेव्हा आमच्या त्या अबोल मुलीने त्याला थांबवले, किडा बोटावर घेतला आणि बाहेर मक्यावर नेऊन सोडला. परत येऊन तिने त्याला मुळापासून सगळे सांगितले. मिस्सेला पाच मिनिटे उशीर झाला. मी थांबलो, आणि ऐकत राहिलो.